घरी शिकणाऱ्या पोरांना जागा कुठं द्यायची? दोन खोल्यांच्या घरात बसेल अशी मांडणी

वाडी-वस्तीवर चौथी-पाचवी, फार तर सातवी-आठवीपर्यंत शाळा असते. पुढची शाळा दुसऱ्या गावात. एसटीचा भरवसा नाही, पावसाळ्यात ओढ्याला पाणी येतं, आणि मग पोरगी घरी बसते. घरी बसली म्हणजे शिक्षण संपलं, असं आपण सगळेच धरून चालतो. पण घरी अभ्यास करून दहावी देण्याची सोय आहे आणि दरवर्षी पोरं ती देतात.

घरी शिकणाऱ्यांत अशा पोरीच असतात असं नाही. कुणी आजारपणामुळं शाळेत जाऊ शकत नाही. कुणी आई-बापासोबत सहा महिने ऊसतोडीला असतं. बाकीची पोरं शाळेत जातात, पण त्यांचाही निम्मा अभ्यास घरीच व्हायचा असतो. या सगळ्यांची एक अडचण सारखी आहे. घरात त्यांच्या पुस्तकाला ठरलेली जागा नसते. पोरगी वही उघडून बसते तोवर तिथं कुणी गहू निवडायला बसतं. पाहुणे आले की दप्तर उचलून माळ्यावर. दुसऱ्या दिवशी पेन सापडत नाही, तिसऱ्या दिवशी पुस्तक सापडत नाही, आठवड्यात अभ्यास बंद.

त्यासाठी वेगळी खोली लागत नाही. दोन खोल्यांच्या, पत्र्याच्या घरातसुद्धा बसेल अशी मांडणी खाली दिली आहे.

आधी वाट ठरवा

मूल ६ ते १४ वयाचं असेल तर त्याचं नाव शाळेतच असायला हवं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्याला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे आणि नाव घालायची जबाबदारी पालकांवरही टाकली आहे. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणं पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी. मध्येच शाळा सुटली असेल तर वयाला साजेशा वर्गात प्रवेश मागता येतो. जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, हेही कारण चालत नाही. म्हणजे या वयाच्या पोराचं घरचं शिक्षण हे शाळेच्या जोडीनं करायचं.

त्यापुढच्या पोरांसाठी दोन वाटा आहेत. पहिली १७ नंबरच्या फॉर्मची. राज्य मंडळाचा हा फॉर्म खासगी विद्यार्थ्यांसाठी असतो. दहावीला बसायला किमान पाचवी पास लागते आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. अर्ज ऑनलाइन असतो, संपर्क केंद्र म्हणून एक शाळा मिळते. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानची, म्हणजे एनआयओएसची. तिथं दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं, मराठी माध्यम आहे, आणि एकदा नाव नोंदवलं की ५ वर्षांत ९ वेळा परीक्षेची संधी मिळते. एकेक-दोन-दोन विषय करत पास होता येतं. घरकाम, शेतकाम सांभाळून शिकणाऱ्या पोरीला ही वाट बरी पडते.

वाट ठरली की पुस्तकं कोणती आणि किती, ते कळतं. मग जागेचा हिशोब करायचा.

जागा छोटी चालेल, पण ठरलेली पाहिजे

एका पोराला मांडी घालून बसायला आणि पुढं वही-पुस्तक उघडायला साधारण तीन फूट रुंद आणि चार फूट लांब जागा पुरते. एवढी जागा कुठल्याही घरात निघते. शोधताना चार गोष्टी बघा.

एक, दारातून स्वयंपाकघराकडं जायच्या वाटेत ती जागा नको. दर पाच मिनिटाला उठून बाजूला व्हावं लागलं तर अभ्यास होत नाही. दोन, टीव्ही समोर दिसेल अशी नको. तीन, चुलीचा धूर जिथं जातो त्या बाजूला नको. चार, पावसाळ्यात जिथं पत्रा गळतो किंवा भिंतीला ओल येते तिथं नको. आपल्याकडं पाऊस बहुतेक पश्चिमेकडून झोडपतो, त्यामुळं त्या बाजूच्या भिंतीला ओल जास्त धरते. शक्यतो आतली भिंत निवडा.

ओसरीचा कोपरा, देवघराशेजारची जागा, कपाटाची मागची बाजू, दोन खोल्यांमधल्या दाराआडची जागा, यातलं काही ना काही जमतं. जुन्या माळवदाच्या घरात कोनाडे आणि फडताळ असतं. त्यातला एक कोनाडा मोकळा करून पुस्तकांना दिला तरी निम्मं काम होतं. पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात दुपारी बसवत नाही, तेव्हा लिंबाखाली बसावं. पण उठताना सगळ्या वस्तू आत ठरल्या जागी आल्याच पाहिजेत.

घरात दोन-तीन पोरं शिकणारी असतील तर मोठ्याला भिंतीकडं तोंड करून आत बसवा आणि लहान्याला बाहेरच्या बाजूला. लहानं सारखं उठतं. ते आत बसलं तर प्रत्येक वेळी मोठ्यालाही उठावं लागतं.

जागा ठरवायचं खरं कारण पोरींच्या बाबतीत कळतं. घरी असलेल्या पोरीला दिवसभर हाका असतात. पाणी भर, भाऊ रडतोय बघ, चहा टाक. ती कुठंतरी पुस्तक घेऊन बसली तर मोकळीच बसली आहे असं घरच्यांना वाटतं. तिची जागा आणि तिचे दोन तास घरात सगळ्यांसमोर सांगून ठरवले, तर आजीसुद्धा म्हणते, "थांबा, पोरगी अभ्यासाला बसलीय, मी बघते." सांगून ठरवायचं काम बापानं किंवा आजोबांनी केलं तर ते जास्त टिकतं.

उजेड आणि बसणं

उजव्या हातानं लिहिणाऱ्या पोराला उजेड डाव्या बाजूनं यावा. उजवीकडून आला तर हाताची सावली अक्षरावर पडते. डावखुऱ्याला उलटं. दिवसा खिडकी किंवा दार त्या बाजूला येईल असं बसवा. रात्री खोलीच्या मधल्या एका बल्बवर भागत नाही, कारण पोराची स्वतःचीच सावली वहीवर येते. त्याच्या जागेच्या वर, थोडा पुढं, ९ वॅटचा एलईडी बल्ब लावला तरी पुरतो. लाईट जाते तिथं चार्जिंगचा बल्ब घ्यावा, म्हणजे लाईट गेल्यावरही काही तास चालतो. रॉकेलची चिमणी किंवा मेणबत्ती वह्यांजवळ ठेवू नका.

जमिनीवर वही ठेवून पोरं पार वाकून लिहितात, मग मान आणि पाठ दुखते. जुन्या दुकानदारांकडं असायचं तसं बैठं डेस्क सुताराकडून करून घेता येतं. उंची साधारण १० ते १२ इंच, पोराच्या अंगाप्रमाणं. ते नसेल तर चौरंग किंवा दोन्ही बाजूंना विटा लावून ठेवलेली फळी चालते. वही डोळ्यांपासून हातभर लांब राहील एवढं बघा.

प्रत्येकाचं एक कॅरेट

पुस्तकं ठेवायला कपाट विकत घ्यायची गरज नाही. टोमॅटो-वांग्याची प्लास्टिकची कॅरेट बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी पडलेली असतात. फुटलेलं नसलेलं कॅरेट घ्या, साबणानं दोनदा धुवा, उन्हात वाळवा, आणि आडवं ठेवा. तोंड पुढं आलं की तोच पुस्तकांचा कप्पा. दोन-तीन कॅरेट एकावर एक ठेवून बांधायच्या तारेनं करकचून बांधली की मांडणी तयार. तारेची टोकं आत वळवा. सगळ्यात खालच्या कप्प्यात जड पुस्तकं ठेवा, नाहीतर लहान पोरानं वर हात घातला की सगळं अंगावर येईल.

कॅरेटला भोकं असतात हा त्याचा फायदा आहे. पावसाळ्यात हवा खेळती राहते, पुस्तकांना बुरशीचा वास येत नाही. बंद पत्र्याच्या पेटीत किंवा गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत दमट वह्या ठेवल्या तर त्या आतल्या आत खराब होतात.

वाटणी अशी करावी. एका पोराला एक कॅरेट, त्यावर खडूनं किंवा रंगानं त्याचं नाव. त्यात फक्त या वर्षाची पुस्तकं आणि चालू वह्या. पेन, पेन्सिल, पट्टी, कंपास एका डब्यात, आणि तो डबा त्याच कॅरेटमध्ये. सगळ्यांच्या सामायिक वस्तू, म्हणजे शब्दकोश, नकाशा, कात्री, खळ, रंग, यांना वेगळं कॅरेट. दप्तर खुंटीला.

मागच्या वर्षाच्या वह्यांचं काय करायचं? एक वर्ष जपा, कारण पुढच्या वर्षी बघायला लागतात. त्याआधीच्या वह्यांतली कोरी पानं काढा, दाभणानं भोकं पाडून सुतळीनं शिवा, कच्च्या कामाला एक जाड वही तयार होते. उरलेली रद्दीत. पुस्तकं मात्र रद्दीत घालू नका, वस्तीवर धाकटं कुणीतरी असतंच. एखादं पुस्तक हरवलं किंवा मिळालं नाही तर बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची पीडीएफ मोफत मिळते.

मांडणी जमिनीवर थेट ठेवू नका. खाली विटा द्या आणि भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा. वाळवी भिंतीतून आणि जमिनीतून चढते. फट असली की तिची मातीची रेघ लगेच दिसते आणि वेळेत झाडता येते. कप्प्यात लिंबाचा वाळलेला पाला ठेवायची जुनी पद्धत चांगली आहे. पाला पूर्ण वाळलेला हवा आणि दर दोन महिन्यांनी बदलावा. महिन्यातून एकदा पुस्तकं काढून झटकून तासभर उन्हाच्या तिरपीला ठेवली की कसरही लागत नाही.

भिंतीचा फळा

घरी शिकवायचं तर फळा लागतो. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीवर चार फूट बाय तीन फुटाचा चौकोन आखून फळ्याचा काळा रंग दोन हात द्यावा. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा. फळ्याची खालची कड सगळ्यात लहान पोराच्या कमरेएवढी ठेवा, म्हणजे त्यालाही लिहिता येतं. मातीची किंवा ओल धरणारी भिंत असेल तर रंग सुटतो. तिथं प्लायवूडचा तुकडा रंगवून टांगावा.

करोनाच्या काळात, २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा सोलापूरच्या नीलमनगर भागात घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले होते. मोबाईल नसलेली पोरंही येता-जाता ते वाचायची. आपल्या घरात एवढं नको, पण पाढे, इंग्रजी शब्द, सूत्रं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाण्याच्या माठाजवळ किंवा आरशाजवळ चिकटवली तर दिवसातून दहादा नजर पडते. दर पंधरवड्याला कागद बदला. जुना झालेला कागद कुणी वाचत नाही.

धान्याची खोली अभ्यासाला देऊ नका

हा मुद्दा जिवाचा आहे. जागा नाही म्हणून पोरांना धान्याच्या खोलीत बसवतात, तिथंच झोपवतात. तिथं उंदीर पुस्तकं कुरतडतात, ते एकवेळ परवडलं. पण धान्याला किडा लागू नये म्हणून काही जण सल्फासच्या गोळ्या टाकतात. त्या गोळीला हवेतली ओल लागली की फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. तो हवेपेक्षा थोडा जड असतो आणि पोरं जमिनीवर बसतात, झोपतात. बंद खोलीत या वायूनं जीव जातो. ही गोळी घरात वापरण्यासाठी नाहीच. कुणी वापरली असेल तर त्या खोलीत आणि लागून असलेल्या खोलीतही पोरांना ठेवू नका. तिथं बसलेल्या पोराला मळमळ, उलटी, छातीत दडपण असं झालं तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि दवाखाना गाठा, घरगुती उपाय करत बसू नका.

फवारणीची औषधं, पंप, तणनाशकाचे डबे यांचीही जागा घराबाहेर, कुलपात. औषधाच्या रिकाम्या खोक्यात वह्या ठेवू नका, रिकाम्या बाटलीत पाणी किंवा रंग ठेवू नका. खताच्या गोणीत पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची सवयही मोडा. युरिया ओल ओढतो, गोणीत थोडा राहिलेला असला तरी पुस्तकं दमट होतात.

मोबाईलची जागा

घरात एकच स्मार्टफोन आणि तीन पोरं असतील तर भांडण ठरलेलंच. कागदावर वेळ लिहून भिंतीला लावा, कोणाला किती वाजता. फोन हातात धरून बघू देऊ नका. पुस्तकांच्या आधारानं उभा करा, म्हणजे दोघं-तिघं एकत्र बघतात आणि हात लिहायला मोकळे राहतात. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड असतात, दीक्षा ॲपमधून ते स्कॅन केले की त्या धड्याचे व्हिडिओ मिळतात. नेट चांगलं असेल तेव्हा उतरवून ठेवता येतात. अभ्यास संपला की फोन पोराच्या जागेवर राहू देऊ नका, मोठ्यांच्या ताब्यात द्या.

वेळेची शिस्त एकट्या घरानं पाळणं अवघड जातं, शेजारचा टीव्ही मोठ्यानं चालू असतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ मध्ये त्यावर मार्ग काढला. संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद. ग्रामसभेत ठरवलं तर असं कुठल्याही गावात होऊ शकतं. आख्खं गाव नाही जमलं तर एका गल्लीत, एका वस्तीवर सुरू करा.

कागदपत्रांची पेटी

घरी शिकणाऱ्या पोराचं सगळ्यात मोठं नुकसान कागद हरवल्यानं होतं. अभ्यास झालेला असतो, पण शाळा सोडल्याचा दाखला सापडत नाही. द्वितीय प्रत काढायला प्रतिज्ञापत्र, शाळेचे हेलपाटे, आणि तोवर फॉर्मची तारीख निघून जाते.

एक पत्र्याची किंवा घट्ट झाकणाची पेटी फक्त कागदांसाठी ठेवा. प्रत्येक पोराची वेगळी फाईल. त्यात जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रकं, आधार, जातीचा दाखला, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे चार-सहा फोटो. कागद पूर्ण कोरडे असतानाच फाईलमध्ये घाला. मूळ दाखले लॅमिनेट करू नका, त्यावर पुढं सही-शिक्का घ्यायचा झाला तर घेता येत नाही. पेटी जमिनीपासून वर, कोरड्या जागी, आणि ती कुठं आहे हे घरातल्या किमान दोघांना माहीत असावं.

प्रत्येक कागदाचा नीट फोटो काढून ठेवा. दहावी-बारावीचं गुणपत्रक डिजिलॉकरमध्ये मिळतं आणि तिथला कागद कायद्यानं मूळ कागदासारखाच धरला जातो. जुन्या शाळेचा दाखला मात्र कागदावरच असतो, तो जपावाच लागतो.

ऊसतोडीला जाताना

बीड, अहिल्यानगर, जालना भागातून दिवाळीच्या आसपास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्यात परत येतात. पोराला मागं ठेवता येत असेल तर हंगामी वसतिगृहाची चौकशी आधी शाळेत करा. सोबत न्यावंच लागलं तर निघायच्या आधी गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड घ्या. ते दाखवलं की जिथं जाल तिथल्या शाळेत पोराला बसता येतं.

कोपीवर जागा नसते, म्हणून तिथं सगळी शाळा एका पेटीत बसवायची. झाकणाच्या एका पत्र्याच्या पेटीत चालू पुस्तकं, चार वह्या, पाटी, पेनचा डबा, चार्जिंगचा बल्ब आणि कागदांच्या झेरॉक्स. मूळ कागद गावी नातेवाइकांकडं ठेवा. पेटीचं झाकण सपाट असेल तर तेच लिहायचं डेस्क. कोपीत ती पेटी भांड्यांच्या आणि पाण्याच्या लांब, दोन विटांवर ठेवा.

सुरुवात कुठून करायची

एका दिवसात सगळं होत नाही. पहिल्या दिवशी कागद शोधून एका फाईलमध्ये घाला. दुसऱ्या दिवशी जागा ठरवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा. तिसऱ्या दिवशी कॅरेट धुवा. रविवारी फळा रंगवा. खर्च रंगाचा आणि बल्बचा, बाकी सामान घरातलंच आहे.

१७ नंबरच्या अर्जाच्या तारखा राज्य मंडळ दरवर्षी जाहीर करतं. आपल्या जवळच्या हायस्कूलच्या कार्यालयात जाऊन यंदाची तारीख विचारा, आणि जाताना पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला सोबत न्या. तो सापडत नसेल तर आजच शोधायला लागा.